आणि त्यानेही उडी मारली

ताई, नमस्कार. मी आमच्या फुटबॉल टीमच्या फॅन ग्रुपमध्ये चार वर्षं झाली ड्रम वाजवतोय. सध्या आमच्या स्टँडमध्ये एक चँट फुल्ल हिट आहे, कुठल्यातरी व्हिडिओवरून उचललेलं, 'जो उडी नाही मारणार, तो अमुक!' आणि त्या अमुकच्या जागी एका धर्माच्या लोकांचं नाव. कारण काय, तर समोरच्या टीमचे फॅन त्या धर्माचे जास्त आहेत म्हणे. माझा शाळेपासूनचा दोस्त त्याच धर्माचा आहे, पण फॅन आमच्याच टीमचा, कट्टर, माझ्या शेजारीच उभा असतो. गेल्या मॅचला हे चँट सुरू झालं, ड्रम माझ्या हातात होता, आणि मी बघितलं की तो एक सेकंद नुसता उभा राहिला, आजूबाजूला बघितलं, आणि मग त्यानेही उडी मारली. नंतर विचारलं तर म्हणाला, सोड ना यार, चालतं. ग्रुपमध्ये विषय काढला तर सगळे माझ्यावरच घसरले, की मस्करी आहे, तेही आपल्याबद्दल गातात, आणि आपला स्ट्रायकर त्याच धर्माचा आहे, त्याच्यावर आपण किती प्रेमाने गाणं गातो, मग आपण धर्मावरून हिणवतो असं कसं म्हणतोस? मला उत्तर सुचलं नाही. मी जास्तच विचार करतोय का? ग्रुप सोडू का? क्लबकडे तक्रार करू का?
– एक ड्रमवाला

अरे ड्रमवाल्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडकले, चँटपाशी नाही, 'मग त्यानेही उडी मारली' इथे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको. नाही, तू जास्त विचार करत नाहीयेस. चार वर्षांत बहुतेक पहिल्यांदाच तू ड्रम वाजवताना बाजूला बघितलंस, एवढंच झालंय.

आता हे चँट जरा उलगडून बघ. हा प्रकार जुना आहे, इटलीत 'जो उडी मारत नाही तो युव्हेंटसवाला' असं इतर टीम्सचे फॅन कित्येक वर्षं गातात, अर्जेंटिनात 'जो उडी मारत नाही तो इंग्रज' आहे. आणि खोटं कशाला बोलू, मला हा प्रकार मनापासून आवडतो, हजारभर माणसं एका ठोक्यावर उडाली की पायाखालचं काँक्रीट हलतं, पोटात गोळा येतो, शेजारचा अनोळखी माणूस खांद्यावर हात टाकतो, हे दुसऱ्या कुठल्या खेळात मिळतं मला माहीत नाही. पण तो चालतो कशावर, तर ज्याचं नाव घेतलंय तो तुमच्या स्टँडमध्ये नसतो यावर. युव्हेंटसवाला युव्हेंटसच्या स्टँडमध्ये असतो, तिकडे तो तुमच्या नावाने उड्या मारत असतो, हिशोब बरोबर. धर्माचं तसं नाही ना. स्टँड टीमप्रमाणे वाटलेले असतात, धर्माप्रमाणे नाही, त्यामुळे त्या अमुकच्या जागी धर्म टाकलात की ते नाव समोरच्यांना लागायच्या आधी तुमच्याच लायनीत तिसऱ्या नंबरवर उभ्या असलेल्या माणसाला लागतं. तुम्हाला उडी म्हणजे उडी. त्याला काय? उभा राहिला तर सगळ्यांच्या डोळ्यात येणार, आणि उडी मारली तर 'मी तो नाही' हे स्वतःच्याच पायांनी सांगायचं, तेही शाळेपासूनच्या दोस्ताच्या ड्रमवर. दोन्हीकडून त्याचीच वाट लागते. तो एक सेकंद जो तू बघितलास ना, तो हा हिशोब करण्यात गेला.

आता त्याचं 'चालतं'. बाबा रे, ह्या शब्दावर विसंबू नकोस. माझीच गोष्ट सांगते, मला ती सांगायला आवडत नाही पण तुझ्या पत्रानंतर न सांगणं बरं दिसणार नाही. मी कॉलेजच्या वयात एका ग्रुपमध्ये होते, समोरच्या टीमचा एक मिडफिल्डर होता, तो मैदानात उतरताना प्रार्थना करायचा, आणि आम्ही त्याच्या त्या प्रार्थनेची नक्कल करून एक गाणं केलं होतं, हातवारे वगैरे सगळं. मी पुढे होते गाण्यात. आमच्यात एक मुलगी होती त्याच धर्माची, आणि ते गाणं सुरू झालं की ती पाणी आणायला जायची. प्रत्येक वेळी. आम्ही तिला चिडवायचो, हिला तहान फार लागते म्हणून. अख्खा सीझन गेला माझ्या डोक्यात प्रकाश पडायला, आणि तेव्हाही मी काही बोलले नाही, ते गाणं आपोआप मागे पडलं, तो खेळाडू टीम सोडून गेला म्हणून. बऱ्याच वर्षांनी तिला विचारलं, तर म्हणाली, पाणी कसलं, जिन्यात उभी राहायचे, आवाज थांबला की वर यायचे. तिनेही तेव्हा मला 'चालतं'च सांगितलं असतं. वीस जणांच्या ग्रुपमध्ये एकटीने 'नाही चालत' म्हणायचं म्हणजे पुढच्या मॅचपासून कोणाशेजारी उभं राहायचं हा प्रश्न असतो, आणि त्या वयात तो लहान प्रश्न नसतो.

बरं, आता तुझ्या ग्रुपचं म्हणणं. स्ट्रायकरवाला मुद्दा सगळ्यात भारी आहे, तुला उत्तर सुचलं नाही यात नवल नाही, मोठमोठ्या क्लबांचे फॅन हाच मुद्दा काढून बसलेत. त्यात थोडं खरं आहे म्हणूनच तो अडकवतो.

खरं काय ते आधी. मोहम्मद सलाह हा इजिप्तचा मुस्लिम खेळाडू इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबला २०१७ मध्ये आला, गोलवर गोल मारायला लागला आणि २०१८ च्या सुरुवातीला तिथल्या फॅन्सनी एक गाणं काढलं, साधारण भाव असा की हा अजून थोडे गोल मारू दे, मग मीसुद्धा मुसलमान होतो आणि मशिदीत जाऊन बसतो. जगभर फिरलं ते. बऱ्याच मुस्लिम फॅन्सना फार आवडलं, कारण स्टेडियममध्ये आपल्या धर्माचा उल्लेख शिवी म्हणून नाही तर कौतुकाने होतोय हे त्यांना नवीन होतं. आणि नुसतं वाटण्यापुरतं नाही, काही राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी हे मोजून २०२१ मध्ये छापलं, अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यूमध्ये, की सलाह आल्यानंतर लिव्हरपूल ज्या मर्सीसाइड भागात आहे तिथले द्वेषातून होणारे गुन्हे अंदाजापेक्षा १६ टक्क्यांनी कमी झाले आणि लिव्हरपूल फॅन्सची मुस्लिमविरोधी ट्वीट्स इतर बड्या क्लबांच्या फॅन्सच्या मानाने निम्म्यावर आली. म्हणजे प्रेमाने फरक पडतो, पडतोच, तुमच्या ग्रुपला हे कबूल करून टाक, तिथे भांडत बसू नकोस.

पण त्याच सलाहवर २०१९ मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबच्या काही फॅन्सनी प्रागमधल्या एका बारमध्ये त्याला बॉम्बवाला म्हणत गाणं गायलं, व्हिडिओ फिरला, आणि क्लबने त्यातल्या तिघांना त्या रात्रीच्या मॅचला आत सोडलं नाही. आता त्याच चेल्सीचं दोन वर्षं आधीचं घे, सप्टेंबर २०१७, अल्वारो मोराटा नवीन आलेला, गोल मारतोय, फॅन्सनी त्याच्यावर गाणं केलं, त्याचं कौतुकच, फक्त त्या कौतुकात लंडनच्याच टॉटेनहॅम क्लबवाल्यांना ज्यूंवरून शिवी घातलेली. क्लबने लगेच सांगितलं की मोराटाला या गाण्याचा अर्थ कळवलाय आणि त्याला याच्याशी कसलाही संबंध नकोय, ताबडतोब बंद करा. म्हणजे बघ, स्वतःच्या हिरोवरचं प्रेम आणि दुसऱ्याच्या धर्माला शिवी, दोन्ही एकाच ओळीत मावतात. प्रेम आहे म्हणून शिवी धुऊन निघत नाही. आणि गंमत म्हणजे त्याच महिन्यात मँचेस्टर युनायटेडचे फॅन त्यांच्याच काळ्या स्ट्रायकरच्या, लुकाकूच्या, शरीरावरून एक गाणं गात होते, काळ्या पुरुषांबद्दलचा जो एक घाणेरडा समज आहे त्यावरचं, आणि विचारलं तर म्हणायचे अहो स्तुती आहे! लुकाकूने स्वतः लिहिलं की पाठिंबा भारी आहे पण आता पुढे जाऊ या, तरी पुढच्या मॅचला काहींनी गायलंच, वर 'आम्ही हवं ते गाणार' हेही गायलं. ज्याच्यावर प्रेम आहे म्हणता त्यानेच नको म्हटलं, तरी गाणार, मग ते प्रेम नक्की कोणावर आहे असा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

त्यामुळे ग्रुपला उत्तर हे दे, की आपण स्ट्रायकरवर जे गातो ते तो गोल मारतो म्हणून गातो, आणि उडीवालं चँट ज्याच्यावर जातं त्याने काहीच मारलेलं नाहीये, तो फक्त तिकीट काढून आलाय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने दुसरी वजा होत नाही. आणि जमलं तर हेही विचार, की शनिवारी आपण उडीवालं चँट गातो तेव्हा आपला स्ट्रायकर मैदानात असतो, त्याला ऐकू येत असेल ना? त्याने उडी मारायची की नाही?

इथे मला जेरुसलेमचा बेतार क्लब आठवतो, टोकाचं उदाहरण आहे, तुमचा ग्रुप तिथवर गेलाय असं मी अजिबात म्हणत नाही, पण गोष्ट ऐकून ठेव. २०१३ च्या सुरुवातीला त्यांनी चेचन्यातले दोन मुस्लिम खेळाडू घेतले, तर त्यांच्याच फॅन्सच्या एका गटाने 'बेतार कायम शुद्ध' असा बॅनर लावला, पुढे क्लबच्या ऑफिसला आग लावली गेली, आणि मार्चमध्ये त्या दोघांपैकी झाऊर सादायेवने पहिला गोल मारला तेव्हा शेकडो फॅन उठून बाहेर चालते झाले. आपल्याच टीमच्या गोलवर! फुटबॉल फॅन म्हणून मला ह्याच्यापेक्षा वाईट चित्र डोळ्यासमोर आणता येत नाही.

तुमचं स्ट्रायकरवरचं गाणं मी ऐकलेलं नाही, शब्द तू लिहिले नाहीस, म्हणून त्यावर निकाल देत नाही. पण एक बघून घे, त्यातून त्याचा धर्म काढला तर गाण्यात काय उरतं? त्याचा डावा पाय, त्याची हेडर, तो डिफेंडरला कसा घुमवतो, यातलं काही आहे का? असेल तर बिनधास्त गा. नुसता धर्मच असेल तर शब्दांवर अजून काम करायला लागेल. सलाहच्या गाण्यातसुद्धा मला तो 'जर' जरा खटकतो बघ, जर अजून गोल मारले तर, म्हणजे सुकाळ असेपर्यंत मशीद गोड. पण हे माझं वैयक्तिक, त्या गाण्यावर नाचलेल्या मुस्लिम फॅन्सना मी कोण शिकवणार.

मस्करीवर फार बोलत नाही. मस्करी ज्याची होते त्याने हसायचं असतं, बघ तो हसतोय का, संपलं.

'तेही आपल्याबद्दल गातात' हे मात्र चिवट आहे, कारण याला अंत नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत बघ, रेंजर्स आणि सेल्टिक हे दोन क्लब, एक प्रोटेस्टंटांचा एक कॅथलिकांचा, शंभर वर्षांहून जास्त काळ हेच चाललंय की ते गातात म्हणून आम्ही. रेंजर्सने किती वर्षं कॅथलिक म्हणून ओळखला जाणारा बडा खेळाडू घेतलाच नव्हता, १९८९ मध्ये मो जॉन्स्टन घेतला तेव्हा दोन्हीकडचे चिडले. रेंजर्सवाल्यांचं एक जुनं गाणं आहे ज्यात कॅथलिकांच्या रक्तात गुडघ्यापर्यंत उभं असल्याची फुशारकी आहे. २००६ मध्ये ते प्रकरण युएफाकडे, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेकडे गेलं तर पहिल्या समितीने चक्क सोडून दिलं, म्हणे हा तिथला सामाजिक आणि ऐतिहासिक प्रश्न आहे, जुनी परंपरा! मग युएफाने स्वतःच त्याच्यावर अपील केलं आणि दंड झाला. २०११ मध्ये परत दंड झाला. २०१९ मध्ये तर त्यांच्या मैदानातल्या ३,००० सीट्स एका युरोपियन मॅचसाठी बंद कराव्या लागल्या, म्हणजे ज्या लोकांनी तोंडही उघडलं नव्हतं त्यातलेही कित्येक घरी बसले. आणि हे सगळं नुसतं गाण्यातच राहतं असं ज्यांना वाटतं त्यांना सांग, त्याच ग्लासगोत १९९५ मध्ये सोळा वर्षांचा एक मुलगा सेल्टिकची मॅच बघून घरी चालला होता, त्याला रस्त्यात गळा चिरून मारलं. त्या मुलाची काहीही भानगड नव्हती. गाणं गाणारा प्रत्येक जण खुनी होतो असं माझं म्हणणं नाही, तसं म्हटलं तर ग्रुप तुला हसेल आणि बरोबरच हसेल. पण कोणाला शिवी द्यायची हे रोज तालासुरात पाठ करून घेतलं की गर्दीतल्या एखाद्या डोकं फिरलेल्याला ते परवानगीसारखं वाटतं, एवढं तरी मान्य करा.

तक्रारीचं विचारलंस म्हणून आधी नियम-कायद्याचं सांगते. तुमच्या लीगमध्ये काय नियम आहे तो तिकिटाच्या मागे किंवा क्लबच्या आचारसंहितेत असतो, वाचून घे, आपण कोणी वाचत नाही पण त्यात धर्म हा शब्द बहुतेक सापडेल. युएफाच्या शिस्तीच्या नियमांत १४ वं कलम आहे, त्यात रंग वंश याच्या जोडीला धर्म स्पष्ट लिहिलाय, फॅन्सकडून पहिल्यांदा झालं तर कमीत कमी स्टँडचा काही भाग बंद, दुसऱ्यांदा झालं तर एक मॅच रिकाम्या मैदानात आणि वर ५०,००० युरो दंड. रेफरी आधी खेळ थांबवू शकतो, मग टीम्सना काही वेळ आत पाठवू शकतो, शेवटी मॅचच बंद करू शकतो. देशांचे कायदे मात्र गोंधळाचे आहेत. इंग्लंडच्या १९९१ च्या फुटबॉलवाल्या कायद्यात वांशिक घोषणांचं कलम आहे पण त्यात धर्म हा शब्दच नाही, मग दुसरे कायदे लावत बसायचं. स्कॉटलंडने २०१२ मध्ये फुटबॉलमधल्या असल्या वागण्यासाठी खास कायदा आणला, आणि फॅन्स, वकील सगळ्यांची एवढी बोंब झाली की २०१८ मध्ये रद्द करून टाकला. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की कोणीतरी वरून येऊन तुमच्या स्टँडमधलं एक चँट बंद करेल याची वाट बघत बसू नकोस. क्लबला स्टँड बंद करता येतं, गाणं बंद करता येत नाही. ते तुझ्या हातात जास्त आहे.

कारण ड्रम तुझ्याकडे आहे रे! तुला स्वतःची ताकद माहीत नाहीये. कापो, म्हणजे तुमच्यातला चँट सुरू करून देणारा म्होरक्या, मैदानाकडे पाठ करून ओरडतो, पहिल्या चार लायनींना ऐकू जातं, मागच्या चाळीस लायनी कोणावर चालतात? तुझ्यावर. उडीवालं चँट तर ड्रमशिवाय उभंच राहत नाही, ठोका नसला की लोक वेगवेगळ्या वेळी उडतात, दोन ओळींत त्याचा पोपट होतो. मी असली चँट्स मरताना बघितलीत, कोणी भाषण दिलं म्हणून मेलेलं एकही बघितलं नाही, ठोका मिळाला नाही म्हणून मेलेली बघितलीत.

तर पुढच्या मॅचआधी कापोला एकट्याला गाठ. व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, तिथे चाळीस जणांसमोर कोणी माघार घेत नाही, तिथे प्रत्येक जण स्वतःच्या फोटोला शोभेल असं बोलतो. एकट्याला गाठून सांग की मला हे वाजवायचं नाहीये. 'आपण हे गाऊ नये' असं नको म्हणू, त्यावर वाद होतो, 'मी हे वाजवणार नाही' यावर वाद होत नाही, फार तर चिडचिड होते. आणि दोस्ताचं नाव अजिबात काढायचं नाही, हे अगदी ठामपणे सांगते. तू म्हणशील की तेच तर खरं कारण आहे, पण एकदा नाव घेतलंस की पुढच्या मॅचला चाळीस जण त्याच्या तोंडाकडे बघणार, कोणीतरी जाऊन विचारणार की काय रे तुला प्रॉब्लेम आहे का, आणि तो परत 'चालतं' म्हणणार, आणि मग झालं, तुझ्या विरोधातला साक्षीदार तूच उभा केलास. टॉटेनहॅमने हेच कसं टाळलं ते बघ, तिथले फॅन, ज्यातले बहुसंख्य ज्यू नाहीत, ज्यूंसाठीचा एक अपमानकारक शब्द अभिमानाने स्वतःला लावतात, सुरुवात झाली ती आपल्या ज्यू फॅन्सना मिळणाऱ्या शिव्यांना उत्तर म्हणून, म्हणजे हेतू चांगला. पण क्लबने २०१९ मध्ये फॅन्सना विचारलं, २३,००० च्या वर लोकांनी उत्तरं दिली, त्यातल्या ९४ टक्क्यांनी मान्य केलं की हा शब्द ज्यू माणसाला उद्देशून वंशद्वेषी ठरू शकतो. २०२२ मध्ये क्लबने सांगितलं, आता यातून पुढे जाऊ या. क्लबने सगळ्यांना विचारलं हे मला आवडलं, दोन-चार ज्यू फॅन्सना पुढे करून 'सांगा बुवा तुम्हाला चालतं का' असं केलं नाही.

आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. नवीन शब्द घेऊन जा. चाल तीच, उड्या त्याच, लोकांना उड्या मारायच्या असतात, धर्माशी बऱ्याच जणांना काही घेणंदेणं नसतं. 'जो उडी नाही मारणार, तो त्यांचा गोलकी!' हे घे, फुकट देते. गोलकीपरला उडी मारता येत नाही यापेक्षा मोठी शिवी फुटबॉलमध्ये नाही, ठोक्यातही बसतंय, मी टेबलावर वाजवून बघितलं. खेळाडूच्या खेळावर पोट भरून टिंगल करा, उघड्या गोलसमोरून बाहेर मारला तर वर्षभर गा त्याच्यावर, मी पण येते गायला.

तरी कोणी जुनंच सुरू केलं तर? करणार कोणीतरी, पहिल्या दोन-तीन मॅच तर नक्की. तेव्हा काड्या खाली. रागाने आपटायच्या नाहीत, चेहरा करायचा नाही, घाम पुसायला थांबल्यासारखं थांबायचं. चँटच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये श्वास घ्यायला एक गॅप येतो, दीड-दोन सेकंदांचा, तुला तो माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार, बरोब्बर त्या गॅपमध्ये तुमचं सगळ्यात जुनं, सगळ्यांना पाठ असलेलं गाणं वाजवायला घे. लोक ठोक्यामागे जातात. आधी शेजारच्या एका दोघांना विश्वासात घे म्हणजे टाळ्या सुरू करायला कोणीतरी असेल, एकट्याचा ड्रम कधीकधी केविलवाणा वाटतो.

तुला सेन्सिटिव्ह म्हणतील, शामळू म्हणतील, एखादं टोपणनावही पडेल. पडू दे. दोन महिने टिकतं, मग कोणीतरी सोपी पेनल्टी चुकवतो आणि सगळे त्याच्या मागे लागतात.

ग्रुप सोडू नकोस. तू सोडलास तर ड्रम दुसरा कोणीतरी घेईल आणि तो बाजूला बघणारा असेल याची गॅरंटी नाही. तक्रारीचं म्हणशील तर ती पहिली पायरी करू नकोस, पण कापोने उडवून लावलं, किंवा चँटवरून स्टँडमध्ये कोणाला धक्काबुक्की झाली, धमकी आली, तर मात्र थांबू नकोस, त्याच दिवशी जा. युएफाच्या स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांना फॅन्सशी बोलायला एक माणूस नेमावाच लागतो, सपोर्टर लियाझन ऑफिसर म्हणतात, २०१२-१३ च्या सीझनपासून, आणि तुमच्या क्लबमध्येही त्या नावाने नाहीतर दुसऱ्या नावाने कोणीतरी असेल. त्याला व्हिडिओ नको, तारीख, मॅच, स्टँड आणि शब्द एवढं लिहून दे. व्हिडिओत सगळ्यांचे चेहरे येतात, त्यात तुझा उड्या मारणारा दोस्तही येईल, आणि उद्या ती क्लिप बाहेर पडली तर 'बघा, यांचाच माणूस गातोय' म्हणून तीच फिरेल.

राहिला दोस्त. त्याला बसवून तासभर विषय काढू नकोस, तुला हलकं वाटावं म्हणून त्याने परत एकदा 'चालतं' म्हणायचं हे त्याच्यावर अन्याय आहे. एवढंच सांग की त्या दिवशी ड्रम माझ्या हातात होता, मी थांबायला पाहिजे होतं, सॉरी, इथून पुढे मी ते वाजवणार नाही. आणि लगेच टीमबद्दल बोलायला लाग, लेफ्ट बॅकला शिव्या घाला दोघं मिळून. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल, त्याच वेळी किंवा सहा महिन्यांनी मॅचवरून परत येताना. नसेल बोलायचं तर नाही बोलणार.

काय झालं ते कळव. कापो काय म्हणाला, नवीन शब्द चालले का, आणि त्यांचा गोलकी खरंच उडी मारत नाही का तेही.

– तुझी ताई